मनूला, आईचा हात प्लास्टरमध्ये असताना

नागपूर,
रविवार, रात्रीचे साडेदहा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

आई झोपली आहे. प्लास्टरचा हात उशीवर ठेवून उताणंच पडावं लागतं, त्यामुळे तिला झोप लागता लागत नाही. आज लागली. शुक्रवारी पुन्हा एक्स-रे काढला. हाड जागेवर आहे, सूज उतरली आहे, बोटं हलतात. अजून तीन आठवडे. तेव्हा काळजी करू नकोस आणि तिकीट तर मुळीच काढू नकोस. तुझ्या रजा तुलाच लागतील.

बघ, रजा म्हटलं की तो विषय आलाच. तुझ्या नोकरीबद्दल या पत्रात अक्षर लिहिणार नाही असं मी आईला कबूल केलं आहे. "फोनवर झालं तेवढं पुरे झालं," म्हणाली. म्हणून हे पत्र फक्त इकडची खुशाली कळवायला.

खुशाली अशी की मी स्वयंपाक करून राहिलो. हसू नको. वरण-भात जमतो, आलूची भाजी जमते, चून जमतं. पोळ्या जमत नाहीत. पहिल्या दिवशी मी कणीक भिजवली, ती आईनं डाव्या हाताच्या बोटानं दाबून पाहिली आणि काही न बोलता बाहेर जाऊन बसली. बाजूच्या काकूंनी डबा देऊ केला होता. दोन दिवस घेतला, तिसऱ्या दिवशी आईनं परत पाठवला. "यांना येऊ द्या आता," म्हणाली. गोकुळपेठेत भाजी आणायला गेलो तर सांबार घ्यायचा विसरलो, अर्ध्या रस्त्यातून परत गेलो. (सांबार म्हणजे तुमची पुण्याकडची कोथिंबीर.) आणि जुडी निवडायला इतका वेळ लागतो हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. मास्तरकीची खोड जात नाही, म्हणून घड्याळ लावून पाहिलं. पिशवी घेऊन निघाल्यापासून ओटा पुसेपर्यंत, एका वेळच्या जेवणाला चार तास. चार! एवढ्यात मी पूर्वी आंतरराष्ट्रीय व्यापाराचं अर्धं प्रकरण संपवत होतो.

आता फोनचं. अभिजितबरोबर तीन वर्षं परदेशी जायचं म्हणून नोकरी सोडते, हे सांगताना त्या दिवशी तू म्हणालीस, "बाबा, तुम्हीच तर शिकवलं. ज्याला जे तुलनेनं स्वस्त पडतं त्यानं ते करावं. अभिजितचा पगार माझ्या दुप्पट, चिऊ चार वर्षांची, मला जर्मन येत नाही. तीन वर्षं मी घर बघते. तुलनात्मक लाभ, बाबा. तुमचाच रिकार्डो." आणि मी ओरडलो. ओरडायला नको होतं. रिकार्डोसारख्या जुन्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञावरून बापलेकीत भांडण झालेलं अख्ख्या त्रिमूर्तीनगरात आपलं एकच घर असेल. आईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि तुला विचारलं, जेवलीस का. मला वाटतं त्या तीन मिनिटांत तेवढंच एक शहाणपणाचं वाक्य होतं.

मी का चिडलो हे मला दोन दिवस नीट कळलं नाही. तू चुकीचं बोलली असतीस तर मी चिडलो नसतो, समजावून सांगितलं असतं. तू बरोबर बोललीस. शब्दन् शब्द माझा होता. इतकंच काय, ते शेवटचं "बाबा" म्हणायची ढबसुद्धा माझी, मी वर्गात "मुलांनो" म्हणायचो तशी.

दरवर्षी बी.कॉम.च्या वर्गावर हे प्रकरण आलं की मी पुस्तकातलं वकील आणि टायपिस्टचं उदाहरण बाजूला ठेवायचो. वकील टायपिंगही टायपिस्टपेक्षा भरभर करतो, तरी त्यानं टायपिस्ट ठेवावा, ते उदाहरण. त्याऐवजी मी आपलं घर सांगायचो. "माझी पत्नी गणितात माझ्यापेक्षा हुशार, स्वयंपाकात तर विचारू नका. ती पोर्तुगाल, मी इंग्लंड. दोन्हीत ती सरस. तरी मी कॉलेजात आणि ती घरी, कारण..." इथं थांबून मी फळ्यावर आकडे मांडायचो. वर्ग हसायचा. मुली कमी हसायच्या, हे आत्ता लिहिताना आठवलं.

रिकार्डोचे आकडे तुला पाठ आहेत, तरी लिहितो, मला बरं वाटतं. १८१७ साल. इंग्लंडात ठरावीक कापड विणायला वर्षभर १०० माणसं लागतात आणि ठरावीक द्राक्षाची दारू करायला १२०. पोर्तुगालात तेच कापड ९० माणसांत होतं, तीच दारू ८० माणसांत. वरवर पाहिलं तर पोर्तुगालनं इंग्लंडशी बोलायचंसुद्धा कारण नाही. पण इंग्लंड दोन्हीत मागे असलं तरी कापडात कमी मागे आहे. १०० माणसांचं कापड देऊन इंग्लंड १२० माणसांची दारू घेतं, २० माणसं वाचतात. पोर्तुगाल ८० माणसांची दारू देऊन ९० माणसांचं कापड घेतं, त्याची १० वाचतात. कुणी कुणाला लुबाडलं नाही, कुणी जास्त राबलं नाही, आणि दोघांकडेही माणसं उरली. तेहेतीस वर्षं शिकवलं, दरवर्षी त्या उरलेल्या तीस माणसांपाशी आलो की अंगावर काटा यायचा. अजून येतो. तुझ्यावर रागावलो म्हणून रिकार्डो खोटा होत नाही, हे आधी सांगून ठेवतो. घरातली सगळी कामं आपल्याच हातानं करण्यात मोठेपणा आहे असं मी कधी मानलं नाही. पुण्यात तू पोळ्यांना बाई लावलीस तेव्हा मोठी काकू काय काय बोलली, मी तुझ्या बाजूनं होतो, आठवत असेल.

आता जे लिहितो ते तुला अर्धवट माहीत आहे. १९८९ मध्ये चंद्रपूरच्या एका कॉलेजात गणिताची जागा निघाली होती. आईचं एम.एस्सी. पहिल्या वर्गात झालेलं. (मला बी.ए.ला दुसरा वर्ग होता, हे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या बारावीच्या वेळी सोयीचं नव्हतं.) ती मुलाखतीला गेली, निवड झाली. तेव्हा आजी अंथरुणावर, बंडूकाकाचं ते प्रकरण ऐन भरात, माझी पीएच.डी. नुकतीच नोंदवलेली. नेमणुकीचं पत्र आलं त्या रात्री मी हिशेब मांडला. त्याच लिफाफ्याच्या मागे. दोन रकाने, एक तिचा, एक माझा. आणि म्हणालो, "तुला दोन्ही जमतं, मला एकच जमतं. मग जे एक जमतं ते मला करू दे." ती हसली होती. मला वाटलं, पटलं.

या सिद्धांतात एक गंमत आहे जी मी वर्गात कधी सांगितली नाही, कारण ती मला तीन आठवड्यांपूर्वी कळली. माणूस एका कामात जितका नालायक, तितका दुसऱ्या कामात त्याचा तुलनात्मक लाभ मोठा. मला साधा कुकर लावता येत नव्हता, म्हणून पेपर तपासण्यात माझा लाभ वाढला. मी जाणूनबुजून शिकलो नाही असं नाही. पण न शिकल्याचा तोटा मला कधी झाला नाही, एवढं खरं. आणि आईला भात येत होता, याचा दंड तिला बसला.

अभिजितला कुकर लावता येतो का? येत नसेल तर जायच्या आधी शिकव. हा नोकरीबद्दलचा सल्ला नाही, तेव्हा कबुलीत बसतं.

चल, आपल्या घराचं गणित रिकार्डोच्या चालीवर मांडून पाहू. दोनच वस्तू धरू: सांख्यिकीच्या पंचवीस पेपरांचा एक गठ्ठा आणि एका वेळचं जेवण. आईला जेवणाला १ तास, गठ्ठ्याला २. मला जेवणाला ४, गठ्ठ्याला ३. दोन्हीत आई पुढे. प्रत्येकानं एकेक जेवण आणि एकेक गठ्ठा केला तर आईचे ३ तास, माझे ७. आता वाटणी कर. दोन्ही जेवणं आईकडे, दोन्ही गठ्ठे माझ्याकडे. आईचे २ तास, माझे ६. तिचा एक वाचला, माझा एक वाचला. फळ्यावर मांडायला याहून स्वच्छ उदाहरण मिळायचं नाही.

ते दिवस डोळ्यासमोर आहेत. महालातल्या जुन्या घरात समोरच्या खोलीत मी गठ्ठे घेऊन बसायचो, आई समोर बसून बेरजा करायची, मार्कांचा पडताळा बघायची, तू मध्ये सतरंजीवर झोपलेली. खाली रस्त्यावर मारबतीची मिरवणूक निघाली की तू दचकून उठायचीस आणि आई एका हातानं तुला थोपटत दुसऱ्या हातानं रकाना पुरा करायची. एकही बेरीज चुकली नाही तिची कधी. त्या सुखाची आठवण आली की वाटतं, काय वाईट होतं त्यात?

मग तो वाचलेला एकेक तास गेला कुठं? माझा पीएच.डी.त गेला. आईचा आजीच्या औषधांत गेला, बंडूकाकाच्या डब्यात गेला, मग तुझ्या शाळेत. फायदा दोघांचा झाला, इथपर्यंत रिकार्डो बरोबर. त्या फायद्याची वाटणी कशी होते, ते पुढे जॉन स्टुअर्ट मिलनं नीट मांडलं. भाव दोघांच्या खर्चांच्या मध्ये कुठं तरी ठरतो, आणि ज्याला समोरच्याच्या मालाची गरज जास्त, त्याच्या पदरात फायदा कमी पडतो. हे मी परीक्षेला पाच मार्कांना विचारायचो. "व्यापारशर्ती म्हणजे काय ते थोडक्यात लिहा." थोडक्यात.

तू तीन वर्षं घरी राहिलीस की तुला अभिजितच्या पगाराची गरज किती, आणि अभिजितला तुझ्या वरणभाताची किती? तो चांगला आहे, मला माहीत आहे. आईचं पडल्याचं कळल्यावर तुझ्या आधी त्याचा फोन आला होता. प्रश्न त्याच्या चांगुलपणाचा नाही.

पुन्हा त्याच विषयावर आलो. माफ कर.

काटोलच्या मामाकडे परवा जाऊन आलो, त्याचं लिहितो. अंबियाचा बहार चांगला आहे, झाडं लगडली आहेत. दोन पोती संत्री पाठवतो म्हणाला, मी म्हटलं दोन डझन दे. तुला आठवत असेल, लहानपणी तू जायचीस तेव्हा त्याच्याकडे ज्वारी होती, तूर होती, बांधावर भेद्रे, म्हणजे टमाटे, होते. नंतर त्यानं एकेक करून सगळ्या शेतात संत्रं लावलं आणि ज्वारी विकत घ्यायला लागला. मीच सांगितलं होतं त्याला. ज्वारी त्याची शेजाऱ्यापेक्षा चांगली होती, पण संत्रं फारच चांगलं होतं. कित्येक वर्षं मामाचं बरं चाललं. आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. तिथल्या सरकारनं गेल्या काही वर्षांत आयात शुल्क वाढवत नेलं आणि इकडे बागेतला भाव पडला. मामाचं काही चुकलं नव्हतं. झाडं तीच, पाणी तेच, हात तोच. झाड तोडून ज्वारी पेरता येते, पण पुढे पुन्हा संत्रं लावायचं म्हटलं तर फळ हाती यायला पाच वर्षं. यंदा दोन एकरांत त्यानं तूर पेरली आहे. तोट्याची आहे, म्हणतो, पण असू दे.

गिऱ्हाईक एकच असणं, हे मला खुपतं. संत्र्याचंही आणि, असो.

आणि आजोबा. तू त्यांना फक्त आरामखुर्चीतले पाहिलेस. नागपुरात पहिली मोठी गिरणी जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, कापूस इथलाच आहे तर कापडही इथंच का होऊ नये म्हणून. आजोबा होते ती गिरणी वेगळी, पुष्कळ नंतरची. वायंडिंग खात्यात तीस वर्षं. दहा यंत्रं चालू असताना कोणत्या यंत्रावर धागा तुटला ते न बघता सांगायचे, आवाजावरून. जगात किती माणसांना हे येत असेल? गिरणी बंद पडली तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. त्यानंतर घरात मिक्सर लावला की ते कान टवकारायचे, एवढाच त्या विद्येचा उपयोग उरला. भोंगा बंद झाला तरी पहाटे पावणेसहाला दाराशी जाऊन उभे राहायचे. मी त्यांना कधी विचारलं नाही की तुम्हाला आणखी काय येतं.

रिकार्डोच्या पुस्तकात कापडवाला सुखानं दारू करायला जातो. प्रत्यक्षात पोर्तुगालचं काय झालं तेही वर्गात सांगायचो, पण तास संपत आलेला असायचा. दारू पोर्तुगालची आणि कापड इंग्लंडचं ही वाटणी काही सूर्यप्रकाशानं ठरवलेली नव्हती. १७०३ मध्ये दोन देशांत तह झाला होता. पोर्तुगालनं इंग्लंडचं लोकरी कापड येऊ द्यायचं, आणि इंग्लंडनं पोर्तुगालच्या दारूवर फ्रान्सच्या दारूपेक्षा एक तृतीयांश कमी जकात घ्यायची. पोर्तुगालात लोकरी कापडाचे जे कारखाने उभे राहत होते ते मागे पडले. रिकार्डोनं उदाहरण घेतलं तेव्हा तहाला ११४ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांनी कुणीही म्हणेल, यांना दारूच चांगली जमते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात हेच दुखणं मांडलं होतं: कच्चा माल हिंदुस्थानानं पिकवायचा आणि पक्का युरोपनं करायचा, ही श्रमविभागणी निसर्गाची म्हणून आम्ही का स्वीकारावी? आणि अ‍ॅडम स्मिथ तर १७७६ मध्येच लिहून गेला की हमाल आणि तत्त्वज्ञ जन्मतः फारसे वेगळे नसतात, आपापलं काम करता करता वेगळे होतात.

आई १९८९ मध्ये इंटिग्रेशन तोंडी करायची. २००९ मध्ये तुला बारावीचं शिकवायला बसली तेव्हा पहिल्यांदा पुस्तक उघडावं लागलं. तिनं चष्म्याचं निमित्त केलं. तू सोळा-सतरा वर्षांची, तुझ्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं. महिन्याभरात तिनं हात बसवला, आणि तुला जे मार्क मिळाले ते तुझेच, पण त्या महिन्यात रात्री बारापर्यंत स्वयंपाकघरातला दिवा चालू असायचा आणि मी झोपल्याचं सोंग करायचो.

मोडलेला हात सहा आठवड्यांत जुळतो, मनू. बसलेला हात सुटला तर त्याला किती आठवडे, हे कुठला डॉक्टर सांगेल? तुझं पुलांचं काम इकडे आयआरसीच्या कोडनं, म्हणजे नियमावलीनं, चालतं, तिकडे युरोकोडनं. तीन वर्षांत सॉफ्टवेअर बदलेल. तू परत येशील तेव्हा तुझ्या हाताखालची पोरं तुझ्या वर गेलेली असतील. आणि तेव्हाही तूच म्हणशील, आता तर मला घरचंच जास्त जमतं. आकडेही तसंच सांगतील. सिद्धांत खरा ठरेल, कारण तो आपणच खरा करून ठेवलेला असेल. म्हणून सांगतो, सोडायचीच असेल तर नोकरी सोड, काम सोडू नको. बिनपगारी रजा मिळते का विचार. जर्मनचा क्लास आजपासून लाव, तिथं गेल्यावर नाही. आठवड्याला दहा तास तरी कुणाचे आराखडे तपासून दे, फुकट दे, पण दे. खात्यावर दोघांची नावं ठेव. नंदामावशीचं काय झालं ते तुला माहीत आहे, मी लिहीत नाही.

झालं व्याख्यान. आई म्हणते ते खोटं नाही, मला फळा लागत नाही, समोर कुणी गप्प बसलेलं असलं की पुरतं. तू वाचताना कपाळाला आठी घालून राहिली असशील. तुझी तू बघशील, चौतीस वर्षांची आहेस. कदाचित तुम्ही दोघांनी आमच्यापेक्षा नीट हिशेब केला असेल. कदाचित तुला खरंच तीन वर्षं थांबायचं असेल, चिऊला मनसोक्त बघायचं असेल, आणि मी त्याला तोटा म्हणतो आहे. तसं असेल तर तसं सांग, पण रिकार्डोच्या आडून सांगू नको. मला त्याच्या आडून बोललेलं ओळखू येतं.

रिकार्डोची एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. एकविसाव्या वर्षी त्यानं धर्माबाहेरच्या मुलीशी लग्न केलं आणि बापानं त्याला घरातून काढलं. आपल्या हिमतीवर तो शेअरबाजारात उभा राहिला, भरपूर कमावलं, मग पुस्तकं लिहिली. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तरी तुझ्या लग्नाच्या वेळी मी दोन महिने बोललो नाही. माहीत असून उपयोग नसतो.

वर्धा रोडनं मेट्रोत गेलो परवा, एक्स-रे घेऊन येताना. खाली गाड्या, मधल्या मजल्यावर गाड्या, वर आपण. शेजारी कुणी तरुण मुलगा बसला होता. त्याला म्हटलं, माझी मुलगी असले पूल उभे करते. त्यानं कानातलं काढून "काय काका?" म्हटलं. मी पुन्हा सांगितलं. आई खिडकीबाहेर बघत होती, पण ऐकत होती.

बारा वाजले. उद्या स्पीड पोस्टनं टाकतो.

सोमवार, सकाळी

पत्र टेबलावरच राहिलं होतं. चहा घेऊन आलो तर आई चष्मा लावून वाचत बसलेली, डाव्या हातात पेन्सिल. म्हटलं आता कबुलीची आठवण निघणार. तसं काही नाही.

"तुमचे जेवणाचे चार तास कुठून कुठवर?"

पिशवी घेऊन निघाल्यापासून ओटा पुसेपर्यंत, मी म्हटलं.

"आणि माझा एक?"

मी विचार केला. गॅस पेटवल्यापासून बंद करेपर्यंत, म्हटलं.

"आणि गठ्ठ्याचे तीन? बेरजा नि पडताळा कुणाच्या तासांत धरला?"

मी चहा ठेवला. तिनं वरचे आकडे खोडले नाहीत, बाजूला समासात लिहिले. डाव्या हाताचं अक्षर आहे, वाकडं, पण वाचता येतं. आई: जेवण ३, गठ्ठा २. मी: जेवण ४, गठ्ठा ५.

दोन्हीत ती अजूनही पुढेच आहे. पण आता करून बघ. प्रत्येकानं एकेक केलं असतं तर तिचे ५, माझे ९. आम्ही जी वाटणी केली तिच्यात तिचे ६ आणि माझे १०. दोघांचाही एकेक तास बुडाला. आणि दोन्ही जेवणं मी, दोन्ही गठ्ठे तिनं, असं केलं असतं तर तिचे ४ आणि माझे ८.

मी तीनदा करून पाहिलं.

हे पान फाडून नव्यानं लिहितो म्हणालो. "असू द्या, तसंच पाठवा," म्हणाली. "तुम्ही आधी कणीक भिजवा. पाणी एकदम ओतू नका."

शाईचे आकडे माझे. पेन्सिलीचे तिचे.

तुझे,
बाबा